चौकातल्या उद्देशिकेचं अनावरण

ओल्या ऑइलपेंटचा वास आला की मला पेठ वडगावातला तो चौक आठवतो. संविधानाची उद्देशिका कोरलेला भला मोठा दगड, भोवती नुकतंच रंगवलेलं रेलिंग, झेंडूच्या माळा आणि सूत्रसंचालक म्हणून घसा साफ करत उभा असलेला मी. पाहुण्यांच्या हातात पडद्याची दोरी देणार, तेवढ्यात माझ्यातला कलाकार जागा झाला. गर्दीत पुढंच उभ्या असलेल्या एका म्हातारीला मी हाताला धरून वर आणलं आणि गरजलो, "अनावरण सामान्य नागरिकाच्या हातून होऊ दे!" टाळ्या पडल्या. तिनं दोरी ओढली, पडदा सरकला, आणि मी हौसेनं माईक तिच्यापुढं धरला. "बोला मावशी, काय वाटतंय?" "माजी भाजीची पाटी हितंच असायची की. ह्या दगडापायी काल उठवलं मला. आता कुठं बसू, तेवढं सांगा." पाहुणे स्वतःच्या बुटांकडं बघू लागले. मी म्हणालो, "किती हृदयस्पर्शी मनोगत!" आणि घाईघाईनं राष्ट्रगीत सुरू करायला लावलं. ती ताठ उभी राहिली. ते संपल्यावर माझ्याकडं वळून पुन्हा म्हणाली, "सांगा की." पण तोवर स्पीकर बंद झाला होता. सूत्रसंचालन मी अजूनही करतो. फक्त माईक कुणाच्या तोंडापुढं धरत नाही.