थेरगावातला तांबडा थर

कातळ कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य मी बऱ्याच व्याख्यानांत टाकलं आहे आणि दर वेळी समोरच्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आहेत. खरं म्हणजे कातळ बोलतच नाही. बोलतो आम्ही, भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेले लोक, आणि तेही बहुतेक वेळा बिल्डरच्या खर्चाने. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जिथं उंच इमारत नाहीतर कंपनीची शेड उभी राहायची असते, तिथं खड्ड्यात उतरायचं आणि तळाचा खडक पायाला चालेल की नाही ते सांगायचं, हा माझा पोटाचा धंदा.

रविवारी मात्र मी फुकट बोलतो. श्रोता एकच, मला शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. त्या आकुर्डीला राहतात. निवृत्त झाल्यावर एकदा त्यांचा फोन आला, की तू दगडांचं काहीतरी करतोस म्हणे, मग मला दाखव की. तेव्हापासून आमच्या सहली सुरू आहेत. घोरावडेश्वराच्या डोंगराचा पायथा झाला, चाकणकडे रस्त्यासाठी कापलेली टेकडी झाली. बाई डबा आणतात, मी हातोडी. लाव्हारसात अडकलेल्या बुडबुड्यांची भोकं दगडात तशीच राहतात आणि पुढे त्यांत पांढरे स्फटिक भरतात. असं एखादं भोक सापडलं की बाई भर उन्हात उकिडव्या बसून ते भिंगातून बघत राहायच्या. उठताना गुडघ्यांना बोल लावायच्या.

एकच गोष्ट राहिली होती. आपला सगळा मुलूख म्हणजे लाव्हारसाच्या थरांवर थर. दोन उद्रेकांच्या मधे इतका काळ जायचा की खालच्या थराचा माथा कुजून त्याची माती व्हायची. मग वरून पुढचा लाव्हा यायचा आणि ती माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघायची. तोच तांबडा थर. बाईंनी तो दरवर्षी फळ्यावर काढला. लाव्हारसाला पांढरा खडू, याला लाल. घाटात एसटीच्या खिडकीतून त्यांनी तो पाहिलेलाही होता, पण त्याच्यासाठी एसटी कधी थांबली नाही. मी गाडीने नेलं तेव्हा गाडी उभी करायला जागा मिळाली नाही, आणि जिथं मिळाली तिथं थर हाताच्या फार वर. बाईंना त्याला एकदा बोट लावायचं होतं. बाकी काही नाही.

आणि आता पुढच्या आठवड्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की त्यानंतर सपाट रस्ता आणि लिफ्ट. डोंगर बंद.

अशात थेरगावहून एका साइटच्या इंजिनिअरचा फोन आला. मुलगा लातूरकडचा, कामाला चोख, पण खडकाच्या बाबतीत भित्रा. “सर, भिंतीतून लाल माती निघायलीय. काम थांबवू का?”

मी गेलो. डांगे चौकापासून जवळच चार मजली पार्किंगचा खड्डा खणलेला होता, आणि त्याच्या एका उभ्या भिंतीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तो थर. वर काळा कुळकुळीत कातळ, खाली पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा कातळ आणि मधे विटकरी पट्टा. वरची कड सुरीने कापल्यासारखी, खालची हळूहळू खडकात विरत गेलेली. पुस्तकातल्या आकृत्यांमध्येही इतका नीट नसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची जमीन, आणि बाजूच्या इमारतीच्या बाल्कनीत साड्या वाळत घातलेल्या. इंजिनिअरला भिंतीविषयी काय काय करायचं ते सांगितलं, पण माझं निम्मं लक्ष नव्हतं. पायऱ्यांवरून जवळजवळ उड्या मारतच वर आलो आणि बाईंना फोन लावला.

अडचणी दोन होत्या. पहिली म्हणजे भिंत ढासळू नये म्हणून रविवारी दुपारी तिच्यावर सिमेंटचा फवारा मारायचा होता. त्यानंतर थर कायमचा आत. दुसरी अडचण, थर तळापासून दोन पुरुष उंच होता.

तिसरी इंजिनिअरने हळूच सांगितली. रविवारी सकाळी भूमिपूजन होतं. खड्डा खणून झाला होता हे खरं, पण पूजन करणाऱ्या आमदारसाहेबांची तारीख आत्ता मिळाली होती. आमच्याकडे जमीन थांबत नाही, पूजन थांबतं.

रविवारी बाई काठी आणि डबा घेऊन हजर. इंजिनिअरने त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि म्हणाला, “आजी, सावकाश.”

“आजी घरी. इथं बाई म्हण.”

डंपरसाठी केलेल्या उताराच्या एका कडेने साहेबांसाठी लाल गालिचा अंथरला होता. बाईंच्या गुडघ्यांना तो फार मानवला. तळाशी पोचल्यावर त्यांनी मान वर केली आणि थर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतला. मग कोपऱ्यातल्या लोखंडी शिडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नाही म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही, त्याचंच मला वाईट वाटलं.

तेवढ्यात वरून मागे येणाऱ्या डंपरची पिपाणी ऐकू आली. त्यात माती होती. कातळावर कुदळ मारली की ती उसळते. पूर्वी कुठल्याशा कार्यक्रमात अशीच उसळली होती आणि एका पाहुण्यांचं मनगट दुखावलं होतं. तेव्हापासून पूजनाला मऊ माती बाहेरून आणतात. फोटोत मागे बॅनर यावा म्हणून ती भिंतीलगतच ओतायची होती. डंपरने पाठ उचलली आणि तांबड्या थराच्या बरोबर खाली मातीचा एक टुमदार डोंगर उभा राहिला. दोन माणसं फावडी घेऊन तो सपाट करायला निघाली.

“थांबा हो जरा,” बाई म्हणाल्या. वर्ग गप्प करायचा जुना आवाज. फावडी थांबली. “अरे, धर मला.”

एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने इंजिनिअर. माती भुसभुशीत, पाय घोट्यापर्यंत जायचा. खालून पांढऱ्या कपड्यांतला एक कार्यकर्ता हाका मारत होता, “ओ भाऊ, आजींना खाली घ्या राव, साहेब डांगे चौकात आलेत!” डांगे चौकात आलेत म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकलेत, अजून बराच वेळ आहे, हे थेरगावात कुणालाही कळतं. आम्ही चढत राहिलो. मधे बाई थांबल्या, दम घेतला, गुडघ्याला दोन शब्द सुनावले आणि पुन्हा निघाल्या.

मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि पुरा तळवा थरावर टेकवला. बोट नव्हे, तळवा. नखाने खरवडलं, चुरा चिमटीत चोळला, उजेडात धरला. चढण मी दीडपट चढलो होतो असं म्हणायला हरकत नाही, कारण आपलं निम्मं वजन त्यांनी माझ्यावर टाकलं होतं.

“माझा खडू फार भडक होता,” त्या म्हणाल्या. “तुम्हा सगळ्यांच्या वह्या चुकीच्या रंगल्यात.”

एवढं बोलून त्या हसायला लागल्या, आणि हसू आवरेना म्हणून त्यांना तिथंच मातीत बसवावं लागलं.

आम्ही खाली उतरलो तोवर बॅनर चढला. कार्यकर्त्याने बाईंना जमिनीच्या मूळ मालकीणबाई समजून पहिल्या रांगेत खुर्ची दिली. बाईंनी गुडघ्याचा विचार करून गैरसमज दूर केला नाही. साहेब आले. बॅनरखाली थोडा तांबडा पट्टा दिसत होता, तो दाखवून ते म्हणाले, की ही भूमी पूर्वजांच्या रक्ताने लाल झालेली आहे. टाळ्या पडल्या. बाईंनी तांबडा तळवा पदरात घेतला. मग नारळ फुटला, रिबिनीची कुदळ मऊ मातीत अलगद शिरली, आणि या पवित्र मातीचा कण कण वंदनीय असल्याचं माइकवरून दोनदा सांगण्यात आलं.

फवारा सुरू होईपर्यंत बाईंना थांबायचं होतं, म्हणून आम्ही डबा तिथंच खाल्ला. मधे तो डंपर परत आला आणि माती पुन्हा भरून घेऊ लागला. मी ड्रायव्हरला विचारलं, की ही माती कुठली. चाकणच्या अलीकडची, कंपनीच्या प्लॉटातली, त्याने सांगितलं. तिथलं पूजन मागल्या आठवड्यात झालं होतं.

“मग आता टाकणार कुठं?”

“टाकायची न्हाई. उद्या दापोडीला पूजन हाय.”