दोघांची बेंबी

ब्रिस्बेनच्या विमानतळावर आई माझ्या समोरून सरळ निघून गेली. मी हात हलवला, तेव्हा अनोळखी माणसाला करतात तशी तिनं मान हलवली आणि ट्रॉली ढकलत माझ्या बायकोकडे गेली. तिला विचारलं, "तो नाही आला?" बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बाकीचा कुठाय?"

तिचा दोष नव्हता. कोविडच्या आधी तिनं मला शेवटचं समोरासमोर पाहिलं, तेव्हा मी आताच्या जवळजवळ दुप्पट होतो. पुढे जठर लहान करण्याचं ऑपरेशन झालं, मी चालायला लागलो, आणि निम्मा माणूस हळूहळू नाहीसा झाला. व्हिडिओ कॉलवर तिला फक्त चेहरा दिसायचा. चेहरा उतरलाय म्हणायची, पण तो कामामुळे, असं तिला वाटायचं. वसईच्या आमच्या वाडीतल्या केळ्यांवर आणि तिच्या हातच्या जेवणावर मी वाढलो होतो. माझं अंग ही तिच्या दृष्टीनं तिनं केलेली वस्तू होती, आणि ती मी तिला न विचारता मोडली होती.

वजन गेलं तरी कातडी मागे राहिली. पोटावरची कातडी ॲप्रनसारखी मांड्यांवर लोंबायची. सकाळी ती घडी करून पँटमध्ये कोंबायची आणि मग पट्टा लावायचा. उन्हाळ्यात आत पुरळ उठायचं. ब्रिस्बेनच्या पश्चिमेला डोंगरावर टूवूंबा शहर आहे, तिथल्या युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, मी सिंचन शिकवतो. शेतावर विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की चर ओलांडताना आधी मी पोचायचो आणि मागोमाग माझं पोट. शेवटी प्लास्टिक सर्जनकडे गेलो. तो म्हणाला, सगळं कापून नीट शिवून देतो. फक्त बेंबीपाशी हर्निया आहे, त्यामुळे जुनी बेंबी बहुतेक वाचणार नाही, नवी करावी लागेल. मी म्हणालो, "नो वरीज." त्या बेंबीचा मी आयुष्यात कधी काही उपयोग केल्याचं मला आठवत नव्हतं.

बायको इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि तिच्या शिफ्टांचा काही भरवसा नसतो. म्हणून माझ्या शुश्रूषेला आई आली. बेंबीचं मी तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

ऑपरेशन ब्रिस्बेनला झालं. सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये उशी धरून मी डोंगर चढून घरी परत आलो. सरळ उभं राहायची मनाई होती, नाहीतर टाके ताणले असते. त्यामुळे मी काटकोनात चालायचो आणि घरातल्या माणसांचे मला गुडघेच दिसायचे. पोटातून दोन नळ्या निघाल्या होत्या. त्यांच्या टोकांना डाळिंबाएवढ्या प्लास्टिकच्या बाटल्या लोंबत होत्या आणि त्यांत लाल पाणी साठत होतं. अंगावर घट्ट इलॅस्टिकचा पट्टा. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर अजिबातच नाही.

आईला आजारपणाची एकच पद्धत माहीत होती, बाळंतपणाची. माझ्या बहिणींची, आत्यांची, शेजारणींची बाळंतपणं तिनं केली होती, आणि तिच्या मते माझ्या केसमध्ये वेगळं असं काही नव्हतं. मला अळिवाची खीर सुरू झाली. शेपूची भाजी सुरू झाली. इंडियन दुकानातून डिंक आणून लाडू झाले. वारा लागू नये म्हणून माझ्या कानांवर मफलर बांधला गेला.

"आई, त्याला मूल झालेलं नाही," बायको म्हणाली.

"पोट कापलंय ना?"

"हो."

"टाके आहेत? पट्टा आहे? वाकून चालतोय?"

"हो, पण..."

"मग?" आई म्हणाली आणि शेपू चिरायला घेतली.

अडचण आली ती पहिल्यांदा पट्टी काढली तेव्हा. बायको बाथरूममध्ये माझं ड्रेसिंग बदलत होती आणि आई टॉवेल घेऊन आत आली. तिनं पोट पाहिलं. कमरेभोवती एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत शिवण होती. शिवणीकडे आईचं लक्षच गेलं नाही. ती बेंबीकडे बघत राहिली. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"ही कुणाची?"

"माझीच," मी म्हणालो. "नवीन आहे."

"नवीन म्हणजे?"

बायकोनं समजावून सांगितलं. जुनी काढून टाकावी लागली, तिथल्याच कातडीतून डॉक्टरांनी दुसरी केली. आईनं टॉवेल माझ्या खांद्यावर ठेवला आणि बाहेर गेली. दुपारी ताट आलं, खीर आली, मफलरही नीट बांधला गेला, पण ती माझ्याशी बोलेना. संध्याकाळी मी वाकत वाकत तिच्या खोलीपर्यंत गेलो. ती खाटेवर बसली होती.

"तुझी नाळ मी आपल्या वाडीत केळीखाली पुरली," ती म्हणाली. "तुला मी सगळं दिलं आणि तू ते वजन करून करून घालवलंस. घालव. तब्येतीसाठी केलंस, मी काही बोलले नाही. पण बेंबी कुणाला विचारून दिलीस?"

"आई, सही केली होती मी."

"तुझ्या एकट्याची सही चालली? बेंबी दोघांची असते."

मी वाकत वाकत माघारी वळलो. काटकोनात उभं राहून आईशी वाद घालणं तसंही कठीण असतं.

सर्जन तपासणीसाठी टूवूंबाला यायचा. आई म्हणाली, मी येणार. तो उंच, मोकळ्या स्वभावाचा माणूस होता आणि आपल्या कामावर खूश होता. त्यानं माझं पोट पाहिलं, "ब्यूटिफुल" म्हणाला, आणि आईकडे वळून विचारलं, "काय म्हणता, मम?"

आई मला म्हणाली, "त्याला विचार, जुनी कुठे टाकली."

मी विचारलं. सर्जन म्हणाला की काढलेला सगळा भाग हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे जाळतात. मी भाषांतर केलं. आईनं कपाळ, छाती आणि खांद्यांवर क्रूसाची खूण केली.

"त्याला सांग, ती माझी होती."

हे मी शक्य तेवढ्या सौम्यपणे सांगितलं. सर्जननं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, आता हा हसणार आणि आपली कायमची मान खाली जाणार. पण तो खुर्ची ओढून तिच्या समोर बसला.

"आय ॲम सॉरी," तो म्हणाला. "हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी पेशंटलाच विचारतो, त्याच्या आईला विचारायचं सुचलं नाही."

आईला तेवढं इंग्रजी समजलं. तिनं मान डोलावली. मग सर्जननं सांगितलं की नव्या बेंबीत काही बदल हवा असेल तर जखम पूर्ण भरल्यावर करता येईल. आई उठली, जवळ आली आणि वाकून नीट बघितलं.

"थोडी वर चालली असती," ती म्हणाली. "आणि जुनी जरा खोल होती. पण राहू दे आता. परत कापाकापी नको."

सर्जननं हे चक्क लिहून घेतलं.

मला वाटलं, विषय मिटला. पण आईचं म्हणणं होतं की जे जळून गेलं त्याच्यासाठी एक मिस्सा ठेवली पाहिजे, चर्चमध्ये गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना ठेवतात तशी. मी म्हणालो, बेंबीसाठी मिस्सा ठेवत नाहीत. ती म्हणाली, ठेवत नाहीत कारण कुणाची जात नाही. रविवारी चर्चनंतर हॉलमध्ये चहा असतो. मी बाकावरून उठून तिथपर्यंत पोचेपर्यंत आई चर्चचं ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंशी बोलत होती. बाई तिचा हात हातात घेऊन ऐकत होत्या. त्यांच्यात काय बोलणं झालं ते आईनंच घरी जाताना गाडीत सांगितलं.

"त्यांनी विचारलं, मिस्सा कुणासाठी. मी म्हटलं, फॉर बेंबी. ऑपरेशन. गॉन. त्यांनी विचारलं, फॅमिलीतली का? मी म्हटलं, येस, फॅमिली. माझ्या मुलाची. जन्मापासून होती."

बायकोनं गाडी बाजूला घेऊन थांबवली. "आई, तुम्ही त्यांना बेंबी म्हणजे काय ते सांगितलंत?"

"बेंबी म्हणजे बेंबी. त्यांना समजलं. त्या रडल्या थोड्या."

ऑफिसला फोन करायचं आम्ही ठरवलं आणि आठवडाभर एकमेकांवर ढकललं. बायको म्हणायची, तुझी बेंबी आहे, तू कर. मी म्हणायचो, तुझं इंग्रजी चांगलं आहे. रविवार उजाडला. आम्ही तिघं बाकावर बसलो, मी पोटाशी उशी धरून. प्रार्थनांची वेळ आली. आमचे फादर नायजेरियाचे आहेत, आवाज भारदस्त. आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, पावसासाठी झाली, आणि मग ते म्हणाले, "अँड फॉर अवर सिस्टर बेंबी, ऑपरेशननंतर नुकतीच देवाघरी गेलेली."

मी हसलो नाही. मी शपथेवर सांगतो, मी आटोकाट प्रयत्न केला. पण हसू पोटातून येतं आणि माझ्या पोटाला तर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत टाके होते. पहिल्या झटक्याला डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी उशी दाबून धरली आणि तिच्यात तोंड खुपसलं. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दुखण्यामुळे तोंडातून जो आवाज निघत होता तो हुंदक्यासारखाच होता. शेजारी बायकोनं गाण्यांचं पुस्तक चेहऱ्यासमोर धरलं होतं, तेही थरथरत होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताच्या मायेमुळे मला आणखी जोरात हसू आलं. एकटी आई ताठ बसून मनापासून प्रार्थना करत होती.

बाहेर आल्यावर लोक भेटायला आले. आजवर ज्यांच्याशी हवामानापलीकडे बोललो नव्हतो त्यांनी माझे हात धरले. मी वाळलोय, वाकलोय, हे सगळं कशामुळे, ते त्यांना आता उमगलं होतं. एक म्हातारा शेतकरी टोपी काढून समोर उभा राहिला.

"सॉरी, मेट. आईकडची का?"

"हो," मी म्हणालो. "आईकडचीच."

"फार जवळची?"

"फार."

खोटं एक अक्षरही बोललो नाही.

सोमवारपासून घरी कॅसरोल यायला लागले, इथे दुखवट्याच्या घरी पाठवतात ते ओव्हनमधलं जेवण. काचेच्या भांड्यांत, फॉइल लावून, दारात ठेवलेले. चिकन, बीफ, पास्ता, बटाट्याचा एक प्रकार. आई प्रत्येकाची चव घ्यायची, बिचारे म्हणायची, आणि सगळ्यांना लसूण-मिरचीची फोडणी द्यायची. अळीव आणि शेपू बंद झाले. त्याबद्दल मी बेंबीचा ऋणी आहे.

त्याच आठवड्यात फादर सांत्वनाला आले. आता मात्र सांगणं भाग होतं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते. आई मध्येच म्हणाली, "दाखव त्यांना." मी पट्टा सैल करून शर्ट वर केला. फादर पुढे झुकले. मला वाटलं, रागावतील. हसले असते तरी चाललं असतं.

ते आईला म्हणाले, "माझी नाळ आमच्या गावात एका ताडाखाली पुरलीय. लहानपणी आई दाखवायची, हे तुझं झाड."

मी भाषांतर केलं. आईनं विचारलं, "आहे अजून?"

"आहे. मध्ये तिथून रस्ता काढणार होते. माझी आई झाडाखाली खुर्ची टाकून बसली, उठेना. शेवटी त्यांनी रस्ता वळवला. आजही तिथे काही कारण नसताना एक वळण आहे."

आई इतकी खूश झालेली मी ती आल्यापासून पाहिली नव्हती. तिनं फादरना फोडणी दिलेलं बीफ वाढलं. मी विचारलं, लोकांना खरं काय ते सांगायचं का? फादर म्हणाले, प्रार्थना तर झाली, ती काही परत घेता येत नाही. आणि सांगितलं तर ही भांडी भरलेली परत करावी लागतील. असं म्हणून त्यांनी आणखी थोडं वाढून घेतलं.

त्यानंतर ड्रेसिंगचं काम आईनं बायकोकडून स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी मला पलंगावर आडवं करायची, कोमट सलाइनमध्ये कापूस बुडवून नवी बेंबी कडेकडेनं पुसायची, खपली ओढायची नाही, फुंकर घालायची. तोंडानं काहीतरी पुटपुटायची. पहिल्या दिवशी मी लाजलो, चव्वेचाळीस वर्षांचा प्राध्यापक. मग सवय झाली. एक दिवस ती म्हणाली, "सुकली बघ," आणि ते इतक्या अभिमानानं म्हणाली की मीही मान वर करून पाहिलं. नळ्या निघाल्या. काटकोन हळूहळू उघडत गेला. आई परत गेली त्या दिवशी मी विमानतळावर सरळ उभा होतो आणि मला कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा वरून दिसत होता. तिच्या केसांतला भांग फार रुंद झाला होता.

मध्यंतरी एका दुपारी मी युनितल्या माझ्या खोलीत पेपर तपासत होतो, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी मावशी बसली होती, मागे आणखी दोघी-तिघी.

"शर्ट वर कर," आई म्हणाली. "हिला बघायचीय."

मी दार बंद आहे ना ते पाहिलं, उठलो, शर्ट वर केला आणि फोन पोटासमोर धरला. तिकडे चष्म्याची शोधाशोध झाली. मग मावशीचा आवाज आला.

"अगं, ही तर तुझ्यावर गेलीय."

"म्हणजे काय," आई म्हणाली, आणि फोन पुढच्या बाईच्या हातात दिला.