गिरणीत आलेला बँकेचा फोन

गिरणीच्या पत्र्याला आतून पीठ साचतं. मुद्दाम कोणी टाकत नाही. रोज थोडं थोडं उडतं आणि एके दिवशी वर बघावं तर बोटभर थर! किस्स्यांचंही तसंच. मी चौथी शिकलेला माणूस, मला लिहिण्याची हौस नाही. पण आमच्या बोळातल्या फोनचे किस्से लोक चुकीचे सांगतात. म्हणून मीच सांगतो.

सोलापुरात आमच्या बोळात तेव्हा फोन एकच. माझ्या पिठाच्या गिरणीत. सात वर्षं नंबर लावून मिळवलेला. दुष्काळात रेशनवर मिळणारी मिलो ज्वारी दळायचे दिवस नुकतेच सरले होते. फोन वाजला की मी मोटार बंद करायचो, दारात येऊन ज्याचा फोन त्याला हाक मारायचो. नरसय्या विणकर तर फोनवर बोलण्याआधी चपला बाहेर काढायचा. या कामाचा मी कोणाकडून कधी चहासुद्धा घेतला नाही.

त्याच सुमारास बँकेचे लोक बोळात टेबल टाकून बसले आणि घरोघरी बचत खाती काढून गेले. जे कधी बँकेची पायरी चढले नव्हते, त्यांच्या ट्रंकेत पासबुकं आली.

मग फोन यायला लागले.

*

पहिला फोन शांताबाईला. ती मिलच्या कामगारांची खानावळ चालवायची. घरावर नवे पत्रे टाकायचे म्हणून दोन वर्षं साठवत होती. मी हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली.

पलीकडे म्हणे बँकेचा मॅनेजर. बँकेत उंदरांनी वह्या कुरतडल्यात, जुनी पासबुकं आजच बदलायची, नाहीतर खातं बंद. बाई, तुम्ही उन्हात येऊ नका, शिपाई पाठवतो. पासबुक आणि पैसे काढायच्या स्लिपवर सही, एवढं त्याच्याकडे द्या. स्लिप तोच आणेल.

शिपाई आला. कोरी खाकी, कानाला पेन्सिल. शांताबाईनं त्याला बसायला पाट दिला. लई ऊन आहे म्हणत तो दोन तांबे पाणी प्याला. वर तिला म्हणाला, "सही जरा नीट करा बाई. आमचे साहेब कडक आहेत."

तिसऱ्या दिवशी ती नवं पासबुक आणायला बँकेत गेली. वह्या शाबूत होत्या. खातं तेवढं रिकामं होतं.

ती परत आली ती थेट गिरणीत. बोळ जमला होता. ती रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अण्णा, तुमी हाक मारली म्हनून मी आले की."

फोन माझा, हाक माझी. दुसऱ्या दिवसापासून चार घरांची दळणं पलीकडच्या गिरणीत गेली.

*

हवालदार चौकशीला आला. शांताबाई त्याला शिपायाचे कपडे सांगत होती. नवी खाकी, दोन खिसे, खिशांना झाकण, झाकणाला पितळी बटण. शेजारी रशीदचाचा टेलर उभे होते. ते मध्येच म्हणाले, "बटन के नीचे दोहरी सिलाई?"

"व्हय," शांताबाई म्हणाली.

चाचा तिथंच पोत्यावर बसले. तो ड्रेस त्यांनीच शिवला होता. गिऱ्हाईक अनोळखी. बँकेत शिपायाची नोकरी लागली, सोमवारी हजर व्हायचंय, असं म्हणाला. चाचांनी बाकीची कामं बाजूला ठेवून रात्रीतून शिवून दिला. गरिबाच्या पोराला नोकरी लागली म्हणून दुआही मागितली.

"पेढे खिलाया अण्णा उसने मेरे कू," चाचा म्हणाले. "मैं दो खाया."

*

हवालदाराचा संशय माझ्यावर होता. तसं तो बोलला नाही, पण दोन दिवस गिरणीत स्टूल टाकून बसला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. म्हणाला, मी घेतो.

पलीकडून बँकेचा मॅनेजर. माझ्यासमोर हवालदार उभा राहिला. गळ्याचं बटण लावलं. "जय हिंद सर!" म्हणाला. मग नुसतं "होय सर, होय सर". मला वाटलं, चोराला बोलण्यात गुंतवतोय. हुशार माणूस आहे!

तेवढ्यात त्यानं वरच्या खिशातून स्वतःचं पासबुक काढलं आणि नंबर वाचायला लागला.

मी फोनचा खटका दाबला.

"अहो, साहेब होते लाईनवर!" तो ओरडला.

"कुठले साहेब?" मी विचारलं.

त्यानं रिसीव्हर खाली ठेवला. मग त्यानं टोपी काढून माझ्या तागडीत ठेवली आणि हळूच म्हणाला, "अण्णा, आवाज साहेबाचाच होता हो."

*

मला झोप लागेना ती एकाच गोष्टीनं. चोराला बोळातली नावं कोण सांगतं?

एका दुपारी फोन आला. "बँकेतून बोलतोय. मोठी आई यांना बोलवा."

मोठी आई हे कोणाचं नाव नाही. कोपऱ्यावरच्या म्हातारीला बोळ तसं म्हणतो. बँकेत तिचं नाव वेगळं. मोठी आई असं लिहिलेलं जगात एकच ठिकाण होतं, आणि ते माझ्या मागे होतं. मी वळून बघितलं. फळीवर दळणाचे डबे ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर ऑइल पेंटनं नाव. तोंडं रस्त्याकडे. नावं मीच घातलेली, माझ्या अक्षरात. मला त्या अक्षराचा अभिमान होता!

म्हणजे चोर माझ्याच बाकड्यावर बसून यादी करून गेला होता. मी त्याला आत बसा म्हणालोही असेन.

फोनवर सांगितलं, त्या गावाला गेल्यात. संध्याकाळपर्यंत रॉकेलनं सगळी नावं पुसली. कोणाच्या डब्यावर छत्री काढली, कोणाच्या मासा. फोनच्या वर भिंतीवर बँकेचा नंबर लिहिला, आणि खाली तीन ओळी. बँकेचा फोन आला तर आधी ठेवायचा. मग या नंबरला आपण लावून विचारायचं. सही आणि पासबुक बँकेच्या काउंटरवरच द्यायचं.

*

आठ दिवसांनी पुन्हा बँकेचा फोन. मी ठेवला आणि भिंतीवरच्या नंबरला लावला. लाईन बिझी. पुन्हा फोन आला, पुन्हा ठेवला, पुन्हा लावला. बिझी. असं चारदा झालं. अर्ध्या तासानं एक गृहस्थ घामाघूम होऊन गिरणीच्या दारात उभे.

"अहो, खरा मॅनेजर मीच! तुम्ही मला लावताय, मी तुम्हाला लावतोय, लागणार कसा?"

शांताबाईचा जबाब बँकेला हवा होता, म्हणून फोन करत होते. मी माफी मागितली नाही. ओळखपत्र मागितलं. त्यांनी दाखवलं, भिंतीवरच्या ओळी वाचल्या आणि डायरीत उतरवून घेतल्या.

*

आता शेवटचा. नरसय्याचा.

नरसय्याचा डावा अंगठा लूममध्ये गेलेला, मुळापासून. त्याला सही येत नाही. खातं काढताना बँकेचा डाव्या अंगठ्याचा नियम अडला. तेव्हा टेबलावरच्या कारकुनानं स्वतः त्याचा उजवा अंगठा धरून ठसा घेतला आणि कार्डावर लाल शाईनं कारण लिहिलं. सगळ्या बोळानं ते बघितलं होतं.

दोन महिने शांततेत गेले. मग फोन आला. बँकेतून, नरसय्यासाठी. जुन्या यादीतलं नाव असणार. मी ठेवणार होतो, पण नरसय्या गिरणीतच होता. त्यानं खुणेनं थांब म्हटलं. चपला काढल्या. फोन घेतला.

"हौ साहेब. हौ. पासबुक हाय साहेब. हौ, डावा अंगठा. देतो की. घरी कोन न्हाई, गिरणीत पाठवा."

फोन ठेवून तो माझ्याकडे बघून हसला. मी हवालदाराला निरोप धाडला, चाचांना सांगून ठेवलं आणि रोजच्यासारखी मोटार चालू केली.

तासाभरात खाकी आली. खिशांना झाकण, पितळी बटण. शेजारच्या दुकानात चाचांचं मशीन थांबलं. शिपायानं बाकड्यावर शाईचं पॅड उघडलं, कोरा फॉर्म पसरला आणि म्हणाला, डावा हात. नरसय्यानं खांद्यावरून हातावर ओढून घेतलेला टॉवेल काढला, आतून डावा हात बाहेर काढला आणि फॉर्मवर पसरून ठेवला.

चार बोटं.

शिपाई त्या हाताकडे बघत राहिला. तो मान वर करेपर्यंत चाचा दारात कात्री घेऊन उभे होते. हवालदार त्यांच्या मागे.

मी मोटार बंद केली. दारात गेलो आणि पहिल्या दिवशी मारली होती तशीच हाक मारली, "शांताबाई! बँकेचा माणूस आलाय!"

ती कणकेच्या हातांनी आली. त्याला बघितलं. ओरडली नाही. कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "त्या दिशी लई ऊन हुतं न्हवं."