पंख्याकडे बघणारे काका

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ग्रिडकाका कोणाकडेही आले की माणसांच्या आधी पंख्याकडे बघत. पंखा नीट फिरत असला तरच चपला काढत. मी तेव्हा नवी सून. मला वाटलं, जळमटं बघताहेत. ते गेल्यावर स्टुलावर चढून पंखा पुसला होता मी.

काका वीज खात्यातले मोठे इंजिनिअर. वीजवाहिन्यांचं जाळं, म्हणजे ग्रिड, सांभाळणारे, म्हणून ग्रिडकाका. देशातल्या विजेचं काय करायचं हे सरकारला सांगणाऱ्या दिल्लीच्या समितीवर होते. मागणी झेपेनाशी झाली की काही भागांची वीज तोडावी, नाहीतर सगळंच बंद पडेल, असा सल्ला त्यांनी दिला आणि सरकारने तो मानला. आम्ही पेढे मागायला गेलो. "सल्ला ऐकला नाही तर माणूस चार शिव्या देऊन झोपतो गं," ते म्हणाले. "ऐकला की झोप गेलीच म्हणून समज."

तोडायच्या भागांत मुलुंडही होतं. वीज गेली की खालून कोणीतरी ओरडे, "काका, तुमचा सल्ला आला बघा!" काका हसत नसत. गॅलरीत उभे राहून समोरच्या इमारतींकडे बघत पुटपुटत, "कोणाचं काय अडलं असेल?" मोठी इस्पितळं वगळली आहेत ना, असं म्हटलं की मान डोलावत, पण चेहऱ्यावरची काळजी हटत नसे.

मग काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. स्टेशनजवळ, मिठाईच्या दुकानावर चार खाटांचं नर्सिंग होम. मी रजा टाकून काकांसोबत बसले होते. काकूंना आत नेऊन बराच वेळ झाला होता. एकदम काका उठून उभे राहिले. पंख्याचा आवाज उतरला होता. मला कळलंही नव्हतं.

"मागणी झेपेना की आधी पंखा मंदावतो. लाइट जाणार," ते म्हणाले.

"अहो, मग तुमच्या माणसांना फोन लावा ना! तुम्हाला कोण नाही म्हणणार आहे?"

टेबलावर फोन होता. त्यांनी दोन आकडे फिरवले आणि रिसीव्हर खाली ठेवला. "आपली लाइन ठेवली तर दुसरी कुठलीतरी तोडतील. तिथेही असंच दुकानावर नर्सिंग होम असेल. इस्पितळ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे मोठ्या इमारतीच आल्या गं. हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही."

पंखा थांबला. आतून डॉक्टर बॅटरीसाठी ओरडले. मला काकांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो. ते भिंतीला टेकून उभे होते, डोळे त्या थांबलेल्या पंख्यावर.

बॅटऱ्यांच्या उजेडात ऑपरेशन पार पडलं. काकू शुद्धीवर आल्यावर काकांनी त्यांना सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. काकू मालवणी हेल काढून म्हणाल्या, "बरा केलात. पण आता दिल्लीला जाल ना, तर आधी त्या समितीच्या खोलीतला पंखा बंद करा नि मग बोला."

त्यांनी पंखा बंद केला की नाही, ठाऊक नाही. पण छोट्या नर्सिंग होमची सोय पाहिल्याशिवाय कुठलाही भाग तोडू नये, हे त्यांनी समितीकडून लिहून घेतलं. त्यासाठी दिल्लीच्या पुष्कळ खेपा झाल्या.

पुढे दोघं मुलाकडे नाशिकला गेली. निघताना काका आमच्या दारात आले, वर बघितलं, "बरा फिरतोय," म्हणाले आणि चपला न काढताच वळले. ते पुन्हा काही आले नाहीत. आली ती ते गेल्याची बातमी.

आता आमच्याकडे वीज फारशी जात नाही. पण पंखा जरा मंदावला की हातातलं काम टाकून मी गॅलरीत जाते. समोरच्या इमारतींकडे बघताना माझ्याही तोंडून निघतं, "कोणाचं काय अडलं असेल?"