नमुना उत्तरातली आई

ज्या वर्गात कोणी बसत नाही, त्या वर्गाला नेमके कोण शिकवत असते, शिक्षक की त्याचा फोन? जळकोटच्या आनंदराज सरांविषयी लिहायला घेतले तेव्हा हा प्रश्न समोर आला आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत सापडले नाही.

तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात आनंदराज बारावी विज्ञानाला इंग्रजी शिकवत. तुकडी हजेरीपटावर भरलेली असे. प्रत्यक्षात मुले लातूरला भाड्याच्या खोल्या करून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत. प्रवेश गावाकडे आणि अभ्यास लातूरला, ही रीत इतकी रुळली होती की तिच्याविषयी कोणी दबक्या आवाजातही बोलत नसे. आनंदराजांना तर तक्रार करायला तोंडच नव्हते. त्यांची लेक लुंबिनी उमरीच्या एका महाविद्यालयाच्या पटावर होती आणि नांदेडला क्लासमध्ये बसत होती. तिच्या जेवणाखाण्यासाठी पत्नी दिपालीही नांदेडलाच राहिली होती. जळकोटच्या दोन खोल्यांत आनंदराज एकटेच.

संस्थेने मोठ्या हौसेने वर्गात स्मार्ट बोर्ड बसवला होता. त्याच्या कडांचे प्लास्टिक अजून निघालेले नव्हते. रोज पहिल्या तासाला आनंदराज रिकाम्या बाकांसमोर फोन उभा करत, बोर्डवर पाठ उघडत आणि समोर मुले आहेत असे धरून शिकवत. मध्येच थांबून प्रश्नही विचारत. उत्तराला लागेल तेवढी उसंत देऊन पुढे सरकत. नंतर ती चित्रफीत तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाई. संध्याकाळपर्यंत निळ्या खुणा उमटत. एखादा 'थँक्यू सर' टाकी आणि त्यामागे तोच 'थँक्यू सर' रांगेने उतरत जाई.

या उद्योगावर त्यांची श्रद्धा होती. नांदेडच्या एका चर्चासत्रात त्यांनी निबंधही वाचला होता. खेड्यातले मूल भरल्या वर्गात इंग्रजी बोलायला लाजते, पण हातातल्या फोनशी एकट्याने बोलताना त्याची भीड चेपते आणि ते स्वतःचे काहीतरी बोलू लागते, असा त्यांचा सिद्धान्त होता. टाळ्या पडल्या होत्या. मात्र असे स्वतःचे बोललेले एकही वाक्य अद्याप त्यांच्या फोनवर आलेले नव्हते. त्या वर्षीच्या, म्हणजे २०२३ च्या, तोंडी परीक्षेत ते मिळवायचेच, असे त्यांनी मनाशी पक्के केले.

तोंडी परीक्षेचे वीस गुण असत आणि ते कसे भरले जातात हे सर्वांना ठाऊक होते. प्राचार्य मार्तंडराव माणूस वाईट नव्हते. घाईत असत इतकेच. मुलांना फोनवरून बोलते करण्याचा बेत ऐकून ते हसले.

"सर, अठरा-अठरा भरून टाका ना. तुमच्या वीस मार्कांवाचून कोणाची डॉक्टरकी अडलीय?"

आनंदराज जागचे हलले नाहीत, तेव्हा ते जरा नरमले आणि म्हणाले, शनिवारपर्यंत काय ते करा, नाहीतर मी भरतो.

विषय साधा ठेवला होता: घरातल्या एका माणसाविषयी दोन मिनिटे बोला. मुले बिचकतील म्हणून आनंदराजांनी आधी स्वतः बोलून एक ध्वनिफीत ग्रुपवर टाकली. आपल्या आईविषयी बोलायचे असे काही त्यांनी ठरवले नव्हते. बोलायला तोंड उघडले आणि तीच आली.

त्यांची आई सरजाबाई भोकरकडच्या गावी राहायच्या. आदल्या पोळ्याच्या सुमारास त्या गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून आनंदराज कामावर रुजू झाले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी 'वाईट झालं' म्हटले आणि चहा आला. त्यानंतर तो विषय निघाला नाही. शेवटच्या वर्षी त्यांनी आईला व्हिडिओ कॉल घ्यायला शिकवले होते. सरजाबाई तो घ्यायच्या आणि सवयीने फोन कानाला लावायच्या. कितीही सांगा, फोन कानालाच. इकडे पडद्यावर आनंदराजांना दिसायचा तो फक्त कान, त्यातला पिवळा पडलेला बारीक खडा आणि पांढरे केस. हे सगळे त्यांनी सोप्या इंग्रजीत, सावकाश सांगितले. मायमराठीत ते कोणालाच सांगितलेले नव्हते.

गुरुवारपासून मुलांचे आवाज येऊ लागले.

पहिला मुलगा म्हणाला, माय मदर इज नो मोअर. आनंदराजांना वाटले, या मुलाची आई गेली आणि आपल्याला पत्ताच नाही! मग तो पुढे म्हणाला की आई फोन कानाला लावायची आणि त्याला फक्त कान दिसायचा. दुसऱ्या मुलीचीही आई गेलेली निघाली. तिसऱ्याचीही. सगळ्यांना कानच दिसत होता. एकाने तेवढे भोकर काढून उदगीर घातले होते. आनंदराज बोलताना ज्या जागी आवंढा गिळायला थांबले होते, त्या जागी झाडून सगळी मुले थांबत होती.

सरांनी दिले ते नमुना उत्तर, आणि नमुना उत्तर पाठ करायचे असते. लहानपणापासून मुलांना हेच शिकवलेले होते. त्यांनी ते चोख पार पाडले होते.

शुक्रवारी दुपारी, वर्गातच बसून, आनंदराज एकेक आवाज ऐकत राहिले. त्यांची आई कोवळ्या गळ्यांतून पुन्हा पुन्हा जात होती. धम्मप्रिया नावाच्या मुलीच्या ध्वनिफितीत तर 'माय मदर इज नो मोअर'च्या पाठोपाठ मागून बाईचा आवाज आला: "प्रिये, भाकर गार व्हायलीय, खाऊन घे की गं." आनंदराजांना हसू फुटले आणि ते हसू त्यांना आवरेना.

हसू ओसरल्यावर त्यांनी तिलाच फोन लावला. मार्क कापले की काय म्हणून ती आधीच घाबरलेली. त्यांनी इंग्रजीत विचारले, तुझी आई आत्ता काय करतेय?



"सर, ह्याचं उत्तर ग्रुपवर टाकलंय का?"

"नाही. तू सांग."

"मग हे परीक्षेला येणार हाय का, सर?"

फोन हातातून हातात गेल्याची खसफस झाली. लेकीला रांधून घालायला गावाहून लातूरला येऊन राहिलेली तिची आई, नागुबाई, बोलू लागली.

"सर, रागावू नका पोरीला. लई पाठ केलंय तिनं. ऐकूऐकू मला बी आलंय. म्या इचारलं, काय म्हनायलीस गं येवढं? तर म्हनली, सरांची माय गेली, त्येचं हाय." मग तिनेच विचारले, "कशानं गेल्या हो, सर?"

इंग्रजीतली वाक्ये आनंदराजांना तोंडपाठ होती. मराठीतले पहिले वाक्य जुळवायलाच वेळ लागला. मग ते सांगू लागले. ताप अंगावर काढला. मला कळवलं नाही. कळवायला फोन होता, पण लेकाच्या कामात खोडा नको म्हणाली. मी पोचलो तेव्हा ओळखलं नाही तिनं. नागुबाई मधूनच 'हाव' म्हणत होती, 'आगं माय' म्हणत होती.

"बरं झालं बोललाव," ती शेवटी म्हणाली. "हितं पोरगी दिवसभर क्लासला. खोलीत म्या एकटीच. सांच्याला ती तुमचं इंग्रजी लावती, तेवढाच मानसाचा आवाज. कळत न्हाई काई, पर ऐकत बसते."

मागून धम्मप्रिया विचारत होती, आई, मार्काचं इचार की.

शनिवारी त्यांनी गुण भरले. सर्वांना अठरा दिले आणि धम्मप्रियालाही अठराच, कारण बोलली होती ती तिची आई. मार्तंडरावांनी कागद पाहून मान डोलावली आणि सही केली. त्या ध्वनिफिती आनंदराजांनी एकेक करून पुसल्या. ग्रुपवरची स्वतःची फीत मात्र त्यांना काढता येईना. सर्वांसाठी ती पुसण्याची मुदत उलटून गेली होती.

२०२४ च्या तोंडी परीक्षेला त्यांनी विषय कळवला, नमुना उत्तर दिले नाही. त्या वर्षी तुकडीतल्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी काहीही पाठवले नाही.