पाचव्या मजल्यावरची उच्चभ्रू

आजी लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. अंधेरीच्या त्या सोसायटीत घर पाचव्या मजल्यावर, वय सत्तरीपार, आणि बाई जिन्याने! कारण लिफ्टशेजारची पाटी: ‘घरकाम करणाऱ्यांनी जिना वापरावा.’ आजींचं म्हणणं एकच, “पाटी उतरली की मी चढेन.”

त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या सुशीलामावशींचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जिना बंद केला. म्हणजे लिफ्ट नाही तर त्या इमारतीतली सगळी कामं सुटणार. तरी आजींची धाप बघून त्याच रागावत, “तुम्ही कित्याक गुडघे मोडून घेतास?”

“गप गं. तुझ्या सोबतीला माझेही मोडू देत.”

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी घरकामगारांच्या संघटनेत पत्रकं लिहायचे; सुशीलामावशी आमच्या सभासद, त्यांच्यामुळेच आजींची ओळख झाली. ‘उच्चभ्रूंचा माज उतरवा!’ असं खणखणीत पत्रक मी त्या सोसायटीत दारोदार सरकवलं. आणि ते सगळ्यांना चक्क आवडलं! बँकेतले, विम्यातले, सगळे माना डोलवत म्हणाले, “अगदी बरोबर. ते जुहूवाले असेच असतात.” पाटी जागच्या जागी. माझं डोकंच फिरलं.

आजींनी चहा ठेवला. “इथे प्रत्येकाचे घराचे हप्ते चालू आहेत. उच्चभ्रू म्हटलं की जो तो शेजारच्या दाराकडे बघतो.”

“मग उच्चभ्रू म्हणायचं कोणाला?”

“ज्याला जिना चढावा लागत नाही, म्हणून जिना दिसतच नाही, त्याला. पाटी लागली तेव्हा मीही लिफ्टमध्येच उभी होते. वाचलीसुद्धा नव्हती.”

सोसायटीच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. “मी पाचव्या मजल्यावरची उच्चभ्रू. माझी भांडी सुशीला घासते. तुमची कोण घासतं?”

सेक्रेटरी पुटपुटले, “आजी, हा शब्द जरा जास्तच होतोय.”

“होऊ दे. मला लागला, तुम्हालाही लागेल. पाटी काढायला कोण तयार आहे?”

विमावाल्यांच्या बायकोने आधी हात वर केला. मग एकेक वर गेले. दुसऱ्या दिवशी पाटी उतरली.

तो शब्द मी आजही लिहिते, बेधडक लिहिते. फक्त आधी बघते, मी त्यात बसते का.

पुढे आजी कायमच्या लेकाकडे नाशिकला निघाल्या. लिफ्टमध्ये त्या, सुशीलामावशी आणि ट्रंक. जागा होती, मी शिरायला गेले. आजींनी हात आडवा घातला.

“तू जिन्याने ये गं, तो दिसत राहू दे. पत्रकं लिहितेस ना?”