विमानाला वारा लागू नये म्हणून

जपानातल्या निशी-कसाईत पुण्याच्या आयटीवाल्यांची घरं नुकती वाढू लागली होती, तेव्हाची गोष्ट. आमची एक खोली आणि एक एसी. त्या ऑगस्टात मी तो एसीही बंद करून टाकला, कारण मी विमान बांधत होते. हसू नका. पिसाएवढं हलकं, रबराच्या पिळावर उडणारं, आणि तेसुद्धा बंद हॉलमध्येच. बाहेरची झुळूक त्याला सोसत नाही. नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टमागे मी नोकरी सोडून आलेले, दिवस खायला उठायचा. जवळच्या व्यायामशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये रविवारी काही जपानी आजोबा असली विमानं उडवायचे. एकदा बघायला गेले आणि अडकले.

माझा हात गव्हले वळलेला, त्यामुळे बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या ब्लेडने तासणं जमलं. पंखावरचा पडदा मात्र जीव काढायचा. टबात पाणी भरायचं, त्यावर द्रावणाचे थेंब सोडायचे, रंगीत साय पसरली की तारेच्या कड्याने अलगद उचलून वाळवायची. मग काड्यांना थुंकी लावून त्या सायीवर चिकटवायच्या. अगं बाई, उष्टं! आजोबा म्हणाले, थुंकीच लावा. शेवटी लावली, आधी चूळ भरून.

टब अडवलेला, म्हणून नवऱ्याने बादलीत अंघोळ करायची. दार हळू लावायचं. शिंक आली तर बाहेर जायचं.

"घर आहे की आयसीयू?" पहिल्याच दिवशी तो घाम पुसत म्हणाला.

मी डाफरले, "इथे माझं म्हणून एवढं एकच आहे. तेही बघवत नाही का तुला?"

दुसऱ्या दिवसापासून त्याचं झांग्यो सुरू झालं, म्हणजे ऑफिसात जादा थांबणं. फोन यायचा, "आज झांग्यो आहे, तू जेवून घे." मी मनात म्हणायचे, बरं झालं, तेवढीच दारांची उघडझाप कमी. खरंच असंच म्हणायचे.

शुक्रवारी संध्याकाळी कचऱ्याच्या पिशव्या संपल्या म्हणून स्टेशनजवळच्या कोनबिनीत निघाले. दुकानाच्या काचेतून नवरा दिसला. खांद्याला लॅपटॉप, हातात त्याला एकही अक्षर वाचता न येणारं जपानी मासिक, बरोबर एसीखाली उभा. शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने मोबाइल काढला आणि माझ्या पर्समधला फोन वाजला.

"आजपण झांग्यो गं. विमान वाळलं का?"

"वाळतंय," एवढंच बोलले. स्वतःची इतकी लाज वाटली की पिशव्या न घेताच परत फिरले. माणसाला घराबाहेर काढलं होतं मी, आणि त्याने त्या हाकलण्याला नावसुद्धा ऑफिसचं दिलं होतं.

घरी येऊन एसी पूर्ण जोरात लावला. जाऊ दे मसणात ते विमान! मग त्याला फोन केला, "झांग्यो पुरे. ये घरी."

तो आला. दार उघडताच थंड हवा लागली, तर खूश व्हायचं सोडून त्याची नजर टेबलाकडे गेली. पंख थरथरत होता.

"अगं, वेड लागलं का तुला? वारा लागतोय त्याला!"

बूटसुद्धा न काढता तो धावला आणि लॅपटॉपसकट, हात पसरून, एसी आणि टेबलाच्या मध्ये उभा राहिला.

"बघतेस काय? बंद कर तो. रविवारी उडवायचंय ना?"

मला रडूच फुटलं.

"हळू रड," तो म्हणाला. "फाटेल ते."